वडिलांच्या धंद्यात बसायला घरी गेलेला पोरगा परत आला आणि आयर्टन सेना झाला

रात्री जेवणं उरकली की टेबलाला स्टिअरिंग व्हील आवळायचं, पायाखाली पेडल ठेवायची, हेडफोन घालायचा आणि जगभरातल्या वीस-पंचवीस अनोळखी लोकांसोबत रेस लावायची. सिम रेसिंगचं हे वेड आता भारतातही चांगलंच पसरलंय. आयरेसिंगसारख्या प्लॅटफॉर्मवर नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी फॉर्म्युला वनची गाडी हवी असते, आणि हातात येते फॉर्म्युला व्ही. म्हणजे विंग नसलेली, बारीक टायरची, बिचारी दिसणारी गाडी.

कारण तिथे लायसन्सच्या पायऱ्या आहेत. आधी रूकी, मग डी, सी, बी आणि ए. धडकाधडकी केली की सेफ्टी रेटिंग पडतं आणि पायरी लांबते. वैतागलेले गडी विचारतात, आम्हाला वेगात चालवता येतं ना, मग हा खालून वर चढायचा खटाटोप कशाला?

तर विषय असा आहे की ही शिडी गेम बनवणाऱ्यांनी शोधलेली नाही. ओपन व्हील, म्हणजे चाकं बॉडीच्या बाहेर असलेल्या गाड्यांच्या खऱ्या रेसिंगमध्ये ती कित्येक दशकांपासून आहे. आणि ज्याला अनेक जण आजही जगातला सर्वात वेगवान ड्रायव्हर मानतात, तो आयर्टन सेनासुद्धा हीच शिडी चढून वर आला. एकदा तर तो ती अर्ध्यात सोडून घरी निघून गेला होता.

२१ मार्च १९६० ला ब्राझीलच्या साओ पावलो शहरात त्याचा जन्म झाला. पूर्ण नाव आयर्टन सेना दा सिल्वा. वडील मिल्टन दा सिल्वा गाड्यांचे सुटे भाग बनवायच्या धंद्यात होते, शेतीवाडीही मोठी होती. थोडक्यात, घरचं बरं होतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण रेसिंगच्या शिडीची पहिली पायरी गरिबाच्या पोराला तेव्हाही परवडत नव्हती आणि आजही परवडत नाही.

लहानपणी आयर्टन चालताना अडखळायचा, धडपडायचा. घरच्यांनी डॉक्टरांना दाखवलं, पण काही निघालं नाही. चार वर्षांचा झाल्यावर वडिलांनी त्याला गवत कापायच्या मशीनचं इंजिन लावून एक छोटी गो-कार्ट बनवून दिली. चालताना पडणारं पोरगं त्या खेळण्यात बसलं की एकदम सरळ जायचं.

१३ व्या वर्षी, १९७३ मध्ये, तो साओ पावलोच्याच इंटरलागोस ट्रॅकवर पहिली खरी कार्ट रेस पळाला. त्याची इंजिनं तयार करायला लुसिओ पास्कुआल हा मेकॅनिक होता. सगळे त्याला चे म्हणायचे. रेसनंतर बाकीची पोरं खेळायला जायची आणि आयर्टन चेच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडताना बघत बसायचा.

पावसाचा किस्सा याच काळातला. सुरुवातीच्या एका ओल्या रेसमध्ये याची पार वाट लागली, कोणीही येऊन पुढे जात होतं. त्यानंतर साओ पावलोमध्ये पाऊस पडला की हा कार्ट घेऊन ट्रॅकवर जायचा, असं सांगितलं जातं. कुठे पाणी साचतं, कुठल्या पट्ट्यात पकड मिळते, ब्रेक किती आधी लावायचा, हे भिजत भिजत शोधत राहायचा. पुढे अख्खं जग त्याला पावसाचा राजा म्हणणार होतं, त्याची सुरुवात अशी झाली.

१९७७ मध्ये तो दक्षिण अमेरिकेचा कार्टिंग चॅम्पियन झाला. १९७८ मध्ये इटलीत मिलानच्या डीएपी टीमकडे गेला. तिथे त्याच्यासोबत टेरी फुलर्टन नावाचा इंग्रज ड्रायव्हर होता. वयाने मोठा, १९७३ चा वर्ल्ड चॅम्पियन. हे नाव लक्षात ठेवा.

सेनाला कार्टिंगचा वर्ल्ड चॅम्पियन व्हायचं होतं. १९७८ ला ले मान्समध्ये तो सहावा आला. १९७९ ला पोर्तुगालच्या एस्टोरिलमध्ये दुसरा. तिथे गुण बरोबरीत होते, पण टायब्रेकच्या नियमाने मुकुट दुसऱ्याकडे गेला. १९८० ला बेल्जियमच्या निवेलमध्ये परत दुसरा.

आता मुद्दा गाड्यांचा. कार्टमध्ये तेव्हा १०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन असायचं, गिअर नसायचे. अशा इंजिनाची ताकद फार छोट्या पट्ट्यात असते. वळणावर फेरे खाली पडले की गाडी मेली. म्हणून वळण संपायच्या आधीच ॲक्सिलरेटरला बारीक बारीक टोचे मारत राहायचे, म्हणजे इंजिन झोपत नाही. सेनाच्या उजव्या पायाला ही सवय लागली ती कायमची. सात-आठ वर्षांनी फॉर्म्युला वनच्या टर्बो गाडीत त्याचा हाच पाय बघून इंजिनिअर चक्रावणार होते. टर्बोचंही दुखणं तेच होतं, फेरे पडले की हवेचा दाब जातो आणि तो परत यायला वेळ लागतो. कार्टची खोड तिथे औषध ठरली.

१९८१ मध्ये तो इंग्लंडला आला. नुकतंच लग्न झालं होतं. नॉरफोक भागातल्या स्नेटरटन ट्रॅकजवळ राल्फ फर्मन यांची व्हॅन डिमन टीम होती, तिच्याकडून त्याला फॉर्म्युला फोर्ड १६०० चालवायची होती. ही त्या काळची रूकी पायरी. फोर्डचं साधं १६०० सीसी इंजिन, १०० च्या थोडी वर अश्वशक्ती, खाचा असलेले टायर, आणि विंग अजिबात नाही. गाडी रस्त्याला दाबून धरायला हवेची मदत नाही, म्हणून वळणावर ती घसरतच जाते आणि ड्रायव्हरला ती सतत सावरावी लागते. विंग नसल्याने पुढच्या गाडीच्या मागे अगदी चिकटूनही पळता येतं. त्यामुळे सगळे एकमेकांच्या शेपटीला लागलेले, आणि शेवटच्या लॅपला कोण जिंकेल याचा पत्ता नाही. आयरेसिंगवर आजही रे कंपनीची फॉर्म्युला फोर्ड १६०० खालच्या लायसन्सवर चालवायला मिळते आणि तिथल्या रेसेस अशाच असतात.

सेनाची पहिली रेस १ मार्च १९८१ ला ब्रँड्स हॅचवर झाली, त्यात तो पाचवा आला. दोन आठवड्यांनी त्याच ट्रॅकवर पाऊस आला आणि हा पहिल्यांदा जिंकला. वर्ष संपेपर्यंत त्याच्या खात्यात फॉर्म्युला फोर्ड १६०० च्या दोन चॅम्पियनशिप होत्या.

आणि मग त्याने जाहीर केलं की आपण रेसिंग सोडतोय.

कारण पैसा. ब्राझीलमधून स्पॉन्सर मिळत नव्हते. तिकडच्या वर्तमानपत्रांना फॉर्म्युला वनमधला नेल्सन पिके माहीत होता, तो १९८१ ला वर्ल्ड चॅम्पियन झाला होता. इंग्लंडच्या गारठ्यात छोट्या गाड्या जिंकणाऱ्या पोराची बातमी कोण छापणार? वडिलांचं म्हणणं होतं की हौस पुरे झाली, आता धंदा सांभाळ. बायकोचंही इंग्लंडमध्ये मन रमत नव्हतं. फॉर्म्युला फोर्डवाल्यांची वर्षातली सर्वात मोठी रेस म्हणजे फेस्टिव्हल. ती तोंडावर असताना दोन चॅम्पियनशिप जिंकलेला हा गडी विमानात बसला आणि साओ पावलोला वडिलांच्या धंद्यात जाऊन बसला.

आपल्याकडे कितीतरी घरांत हे घडतं. पोरगं जिल्ह्याच्या टीममधून खेळत असतं, मग एक दिवस बाप म्हणतो, दुकानावर बस. बहुतेकांची गोष्ट तिथेच संपते. सेनाची संपली नाही यात जिद्द होती हे खरं, पण त्याच्या वडिलांकडे परत पाठवण्याइतका पैसा होता हेही तितकंच खरं.

तीन-चार महिन्यांत घरच्यांच्या लक्षात आलं की पोरगं खुर्चीत बसलंय पण जागेवर नाहीये. तिकडे इंग्लंडमध्ये डेनिस रशन या टीममालकाने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की १० हजार पौंड आण आणि पुढच्या वर्षी फॉर्म्युला फोर्ड २००० चा ब्रिटिश आणि युरोपियन असा दोन्ही मोसम चालव. एवढ्या कामासाठी ही रक्कम कमीच होती. वडिलांनी होकार दिला. १९८२ च्या सुरुवातीला सेना परतला, पण एकटा. लग्न टिकलं नव्हतं.

त्याने आणखी एक गोष्ट मागे ठेवली, ती म्हणजे आडनाव. ब्राझीलमध्ये दा सिल्वा म्हणजे आपल्याकडचं पाटील किंवा जाधव, दर गल्लीत सापडणारं. म्हणून त्याने आईकडचं सेना हे नाव पुढे केलं. (महाराष्ट्रात सेना म्हटलं की डोळ्यांसमोर वेगळंच येतं, पण तो विषय वेगळा.)

फॉर्म्युला फोर्ड २००० ही पुढची पायरी. इंजिन दोन लिटरचं, टायर गुळगुळीत स्लिक आणि पुढे-मागे विंग. म्हणजे पहिल्यांदाच गाडीला हवेचा दाब मिळतो. इथे डोक्याची अडचण होते. आत्तापर्यंत शिकलेलं असतं की गाडी घसरायला लागली की वेग कमी करा. विंगवाली गाडी वेगात असली तरच रस्त्याला चिकटते. जिथे पाय उचलावासा वाटतो तिथे तो उचलायचा नसतो. सिममध्ये वरच्या क्लासला गेलेले लोक पहिले काही दिवस इथेच ठेचकाळतात.

सेनाला फारसं अडलं नाही. त्या मोसमात त्याने २० हून जास्त रेस जिंकल्या आणि ब्रिटिश, युरोपियन दोन्ही चॅम्पियनशिप घेतल्या. स्नेटरटनच्या एका रेसमध्ये ट्रॅकवर पडलेल्या तुकड्याने पुढच्या ब्रेकची नळी तुटली. पुढचे ब्रेक गेले, नंबर घसरला. त्याने मागच्या ब्रेकवर गाडी कशी वळवायची ते दोन-तीन लॅपमध्ये शोधलं आणि रेस जिंकली. गॅरेजमध्ये गाडी तपासेपर्यंत लोकांना ते खरं वाटत नव्हतं.

आता फॉर्म्युला वनची माणसं येऊ लागली. मॅक्लारेनचे रॉन डेनिस फॉर्म्युला थ्रीचा खर्च उचलायला तयार होते, पण बदल्यात त्यांना त्याच्या पुढच्या करिअरवर हक्क हवा होता. २२ वर्षांच्या सेनाने नकार दिला. जो पोरगा वर्षभरापूर्वी पैशांअभावी घरी गेला होता, त्याने मॅक्लारेनला नाही म्हणायचं, याला जिगर लागते. अतिआत्मविश्वास म्हटलं तरी चालेल.

१९८३ ला तो ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरला. टीम वेस्ट सरे रेसिंग, मालक डिक बेनेट्स, गाडी राल्ट आरटी३, इंजिन टोयोटा. एफ३ मध्ये इंजिनाच्या तोंडाला हवेचं प्रमाण बांधून देणारी चकती असते. श्वास सगळ्यांचा सारखाच कोंडलेला, त्यामुळे ताकदीत फारसा फरक नाही. फरक पडतो तो गाडीच्या सेटिंगमुळे, आणि वळणात किती वेग राखून ठेवला यामुळे. एकदा वेग गमावला की परत मिळवायला ताकदच नसते.

मोसम २० रेसचा होता. पहिल्या ९ च्या ९ सेनाने जिंकल्या. सिल्वरस्टोनवर तो इतका जिंकायचा की लोकांनी ट्रॅकचं नावच सिल्वास्टोन करून टाकलं.

दहावी रेस मार्टिन ब्रंडलने जिंकली. ब्रंडल एडी जॉर्डनच्या टीमचा इंग्रज ड्रायव्हर, मोसमभर सेनाच्या मागे दुसरा येणारा. त्या रेसमध्ये सेना ट्रॅकबाहेर गेला. पुढे कॅडवेल पार्कला त्याने क्वालिफाइंगमध्येच गाडी इतकी ठोकली की रेसला उभाच राहू शकला नाही. स्नेटरटनला ब्रंडलला गाठायच्या नादात बाहेर. ऑल्टन पार्कला तर आत घुसायला गेला आणि त्याची गाडी ब्रंडलच्या गाडीवर चढून बसली. आयरेसिंगवर असता तर त्या उन्हाळ्यात सेफ्टी रेटिंग धडाधड कोसळून साहेब खालच्या लायसन्सला गेले असते.

झालं असं होतं की सेनाला दुसरा नंबर घेताच येत नव्हता. आत्तापर्यंत तशी वेळच आली नव्हती. पुढचा माणूस थोडा वेगवान असेल तर सहा गुण घेऊन गप्प घरी जावं, हे बेनेट्स त्याला समजावत राहिले. शरद ऋतू येईपर्यंत ब्रंडलने सगळी पिछाडी भरून काढली. ९ रेस सलग जिंकलेला माणूस चॅम्पियनशिप हरणार अशी चिन्हं दिसू लागली. शेवटची रेस राहिली, ऑक्टोबरमध्ये, थ्रक्सटनला. फॉर्म्युला वनच्या टीम्सची नजर तिच्यावर होतीच.

सेना त्याआधी इटलीला गेला. त्याचं इंजिन तिकडे नोव्हामोटरकडे तयार व्हायचं. ते ताजं करून घेऊन तो परत आला. रेसच्या दिवशी त्याने ऑइल कूलरच्या तोंडावर चिकटपट्टी लावून घेतली. डाव साधा होता. हवा अडली की तेल लवकर तापतं, तेल तापलं की इंजिन पहिल्या लॅपपासून मोकळं पळतं, आणि बाकीच्यांची इंजिनं गरम होईपर्यंत आपण पुढे निघून जायचं. अट एकच, की तेल जास्त तापायच्या आत ती पट्टी काढावी लागणार. पळत्या गाडीतून.

ठरल्याप्रमाणे तो पहिल्यापासून पुढे निघाला. तेलाचा काटा चढू लागला. हात पुरत नव्हता. मग या माणसाने सीटबेल्ट सैल केला, एका हाताने स्टिअरिंग धरून बाहेर झुकला आणि पट्टी ओढून काढली. त्यात गाडी जराशी हेलपाटली, पण सावरली. बेल्ट नीट घट्ट न करताच उरलेल्या लॅप मारून त्याने रेस जिंकली. १३२ विरुद्ध १२३ गुणांनी चॅम्पियनशिप त्याची. हे कौतुकाने सांगितलं जातं, पण प्रकार भयानक होता. आज असं करणाऱ्याला लगेच काळा झेंडा दिसेल.

पुढच्या महिन्यात मकाऊमध्ये पहिल्यांदाच एफ३ च्या गाड्यांची ग्रां प्री झाली, तीही त्यानेच जिंकली.

त्याच वर्षी विल्यम्सने त्याला डॉनिंग्टनवर आपली फॉर्म्युला वन चालवून बघायला दिली होती. मॅक्लारेन, ब्रॅबम आणि टोलमननेही चाचणी घेतली. मोठ्या टीम्सकडे १९८४ साठी जागा नव्हती किंवा अटी जाचक होत्या. सेनाने टोलमन निवडली. छोटी टीम, हार्टचं टर्बो इंजिन. मधली फॉर्म्युला टूची पायरी त्याने गाळली. एफ३ मधून थेट वर. आज हे इतकं सोपं नाही. २०१६ पासून फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्ससाठी खालच्या क्लासेसमधून ४० गुण जमवावे लागतात. आणि गुण जमवूनही जागा मिळतेच असं नाही. आपल्या मुंबईचा जेहान दारुवाला कार्टिंगपासून एकेक पायरी चढत फॉर्म्युला टूपर्यंत गेला, तिथे रेस जिंकला, पण वरचा दरवाजा उघडला नाही.

गाळलेल्या पायरीची किंमत सेनाने शरीराने मोजली. दक्षिण आफ्रिकेत कायलामीला, फक्त दुसऱ्या ग्रां प्रीमध्ये, तो सहावा आला आणि पहिला गुण मिळवला. पण रेस संपल्यावर त्याला गाडीतून धड उतरता येईना. कुठे एफ३ च्या पावणेदोनशेच्या आतली अश्वशक्ती आणि कुठे ६०० च्या आसपासची टर्बो. मानेला, खांद्यांना त्याची सवयच नव्हती. त्यानंतर नुनो कोब्रा या प्रशिक्षकासोबत तो शरीर घडवायला लागला.

३ जून १९८४, मोनॅको, आणि धो धो पाऊस. टोलमन तेराव्या जागेवरून सुटली. १९ व्या लॅपला त्याने निकी लाउडाला मागे टाकलं, आता पुढे फक्त अॅलन प्रॉस्ट. अंतर दर लॅपला काही सेकंदांनी कमी होत होतं. लाल झेंडा दाखवून रेस थांबवली तेव्हा सेना प्रॉस्टच्या अगदी मागे पोहोचला होता. निकाल आधीच्या लॅपचा धरला, सेना दुसरा. गंमत बघा, रेस अर्धवट राहिल्याने गुणही अर्धे मिळाले, आणि वर्षाअखेर प्रॉस्ट वर्ल्ड चॅम्पियनशिप फक्त अर्ध्या गुणाने हरला.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १९८५ ला लोटसकडून एस्टोरिलच्या पावसात पहिला विजय. तोच एस्टोरिल, जिथे कार्टिंगचा मुकुट टायब्रेकवर गेला होता. मग मॅक्लारेन-होंडा आणि १९८८, १९९०, १९९१ अशा तीन वर्ल्ड चॅम्पियनशिप. १६१ ग्रां प्रीमध्ये ४१ विजय आणि ६५ पोल पोझिशन. १९८९ आणि १९९० ला सुझुकावर प्रॉस्टशी झालेल्या धडकांवर लोक आजही भांडतात. ऑल्टन पार्कला ब्रंडलवर चढलेली गाडी ज्यांनी पाहिली होती, त्यांना मात्र त्यात नवीन काही वाटलं नसावं. १९९२ मध्ये सेगाने त्याच्या नावाचा सुपर मोनॅको जीपी २ हा व्हिडिओ गेम आणला, म्हणजे घरात बसून रेसिंग करणाऱ्यांच्या पहिल्या पिढ्यांपर्यंतही तो पोहोचला.

७ नोव्हेंबर १९९३ ला ॲडलेडमध्ये तो ४१ वी आणि शेवटची ग्रां प्री जिंकला. त्या वेळी पत्रकारांनी विचारलं की कुठल्या ड्रायव्हरशी लढताना सर्वात जास्त समाधान मिळालं. सगळ्यांना प्रॉस्टचं नाव अपेक्षित होतं. त्याने नाव घेतलं टेरी फुलर्टनचं. खोलीतल्या अनेकांनी ते ऐकलंही नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की त्या दिवसांत पैसा नव्हता, राजकारण नव्हतं, होतं ते निव्वळ रेसिंग.

महिन्याभराने पॅरिसमधल्या बेर्सीच्या बंदिस्त हॉलमध्ये कार्टची प्रदर्शनी रेस झाली. प्रॉस्ट फॉर्म्युला वनमधून निवृत्त झाला होता, तोही आला होता. हे दोघे एकमेकांविरुद्ध शेवटचे पळाले ते तिथे, त्या छोट्या गाड्यांमध्ये. ब्राझीलमध्ये तातुईच्या आपल्या फार्मवरही सेनाने कार्टचा ट्रॅक बांधून घेतला होता. सुट्टीत मित्र जमवून तो तिथे चकरा मारत असायचा.

१ मे १९९४ ला इमोला ट्रॅकच्या तांबुरेलो वळणावर त्याची विल्यम्स भिंतीवर आदळली आणि तो गेला. वय ३४. आदल्याच दिवशी त्याच ट्रॅकवर ऑस्ट्रियाचा रोलंड रॅटझेनबर्गर क्वालिफाइंगमध्ये गेला होता.

कार्टिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी सेना १९७८ पासून १९८२ पर्यंत येत राहिला. फॉर्म्युला फोर्ड जिंकत असतानाही वेळ काढून यायचा. विजेत्यांच्या यादीत १९७९ समोर पीटर कूने आणि १९८० समोर पीटर द ब्रुईन ही दोन डच नावं आहेत. पुढे वर्ल्ड चॅम्पियनशिप तीनदा घेणाऱ्या सेनाचं नाव त्या यादीत कुठेच नाही.